रुसलेल्या चाहत्यांची समजूत : 'अँडॉर'च्या निमित्ताने

1986च्या उन्हाळ्यात धाकटे मामू कुवेतहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक व्हीसीआर आणि सहा कॅसेट होत्या. पाच हिंदी सिनेमांच्या आणि सहावी 'स्टार वॉर्स'ची. कोकणातल्या आमच्या गावात संध्याकाळनंतर विजेचा दाब कमी व्हायचा, चित्र थरथरायचे, इंग्रजीचे एक अक्षर कळायचे नाही. तरी त्या सहाव्या कॅसेटची आम्हा मुलांनी पारायणे केली. वाळवंटातले एक अर्धगोल घर, घराबाहेर उभा असलेला एक कंटाळलेला मुलगा आणि क्षितिजावर मावळणारे दोन सूर्य. एवढे कळायला इंग्रजीची गरज नव्हती. मामू मात्र दुसरेच काही पाहत बसायचे. टोपीचा लांब झगा घातलेला म्हातारा पडद्यावर आला, की ते म्हणायचे, "अस्साच झगा आमच्या कॅम्पातल्या मोरोक्कोवाल्याकडे आहे." आम्ही हसायचो. ग्रह कुठला, मोरोक्को कुठले!

पुढे वाचनात आले, की मामूंची नजर फारशी चुकलेली नव्हती. या चित्रपटाचे चित्रीकरण 1976च्या मार्चमध्ये ट्युनिशियात सुरू झाले. 'टॅटुईन' हे त्या ग्रहाचे नाव ततावीन या ट्युनिशियन गावावरून घेतलेले. नायकाच्या घराचे अंगण म्हणजे मत्माता इथल्या बर्बर लोकांचे जमिनीत खोदलेले घर. दोन सूर्य ज्या क्षितिजावर मावळतात ते शोत अल्-जरीद या खाऱ्या तळ्याचे मिठाचे मैदान. म्हणजे अमेरिकनांनी जो परका ग्रह म्हणून दाखवला, तो कुणाचा तरी रोजचा मुलूख होता. हा मुद्दा मनात ठेवावा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

'स्टार वॉर्स'वरचा उडालेला भरवसा माझ्यासारख्या जुन्या चाहत्यांना 'अँडॉर' या वेबमालिकेने कसा परत मिळवून दिला, हा या लेखाचा विषय. अमेरिकन अंतराळपटाची चर्चा इथे कशाला, असे काही वाचक विचारतील. ज्यांच्या घरात कुणी आजी-आजोबांनी अमीर हम्जाची दास्तान ऐकत रात्री जागवल्या असतील, त्यांनी तरी हे विचारू नये. 'तिलिस्म-ए-होशरुबा' लखनौच्या नवल किशोर प्रेसने 1883पासून छापायला घेतली. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. तिलिस्म तेच, अय्यार तेच, फक्त लिहिणारा हात बदलला. जाह यांच्या शब्दांवर जीव टाकणाऱ्यांपैकी किती जणांना नवा हात पसंत पडला असेल? लांबत जाणाऱ्या कथेची ही जुनीच अडचण आहे. ती एका टप्प्यानंतर सांगणाऱ्याची राहत नाही. ऐकणाऱ्याला ती आपली वाटते, पण त्याच्या हातातही काही नसते. रुसणे तेवढे असते.

आमच्या रुसण्याची हकिकत थोडक्यात सांगतो. जॉर्ज लुकासच्या कल्पनेतून 1977, 1980 आणि 1983मध्ये तीन चित्रपट आले. एक दुष्ट साम्राज्य, मूठभर बंडखोर, सगळ्या चराचराला बांधून ठेवणारी 'फोर्स' नावाची शक्ती आणि तिची उपासना करणारे जेडाय योद्धे. कुरोसावाच्या 1958च्या 'द हिडन फोर्ट्रेस'चा आधार लुकासने घेतला होता, तसेच व्हिएतनामचे युद्धही त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्या युद्धातले साम्राज्य म्हणजे आपलाच देश, हे त्याने पुढे उघडपणे सांगितले आहे. पण पडद्यावर हे सारे परीकथेच्या कपड्यांत आले. साम्राज्यातली साधी माणसे काय खातात, बंडखोरांच्या विमानांचे पैसे कोण भरतो, असे प्रश्न त्या कथेत उद्भवत नव्हते. मुलांना ते पडतही नाहीत.

1997मध्ये लुकासने जुने चित्रपट नव्या संगणकीय चित्रांनी सजवून पुन्हा आणले. त्यात एका प्रसंगी नायकाने आधी गोळी झाडली होती, ती आता शत्रू आधी झाडतो असे झाले. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल, पण चाहत्यांच्या मनात पहिली शंका इथेच शिरली. आपला माणूस बेरका होता, त्याला सभ्य का केले? 1999 ते 2005 या काळात आलेल्या तीन चित्रपटांनी शंकेची तक्रार केली. पहिल्याच भागात कळले, की 'फोर्स' म्हणजे रक्तात मोजता येणाऱ्या सूक्ष्म पेशीजीवांचा मामला आहे. जी गोष्ट मावळत्या सूर्यांकडे पाहताना कुणालाही आपली वाटत होती, ती पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात जाऊन बसली.

इथे थोडे थांबून एक कबुली द्यायला हवी. माझ्या बहिणीचा मुलगा 2005मध्ये नऊ वर्षांचा होता. त्याची 'स्टार वॉर्स' ती हीच, आणि ती त्याला जिवापाड आवडते. त्या तीन चित्रपटांना नावे ठेवणारे आम्ही त्याच्या लेखी खाष्ट म्हातारे. आज त्या पिढीने त्यांचे पुनर्मूल्यांकन केले आहे आणि ते सगळेच चुकीचे नाही. लोकशाही टाळ्यांच्या गजरात कशी मरते, हे त्या चित्रपटांनी आमच्याआधी ओळखले होते. संवाद मात्र आजही लाकडी वाटतात, त्याला माझा इलाज नाही.

रुसव्याची वाईट बाजूही होती. 1999च्या चित्रपटात जार जार बिंक्स नावाचे विदूषकी पात्र अहमद बेस्ट या तरुण कृष्णवर्णीय कलावंताने केले. ते पात्र कॅरिबियन माणसांची टिंगल करते अशी टीका झाली, ती रास्तही होती. पण टीका लिहिणाऱ्यावर व्हायला हवी होती, ती कोसळली बेस्टवर. त्या दिवसांत आपण जीव द्यायच्या टोकाला पोचलो होतो, हे त्याने 2018मध्ये सांगितले. त्याच वर्षी केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीला चाहत्यांच्याच शिवीगाळीपायी समाजमाध्यमावरचे आपले खाते रिकामे करावे लागले. प्रेमाची ही जात मला कधीच कळली नाही. 2023मध्ये 'द मॅन्डलोरियन'च्या एका भागात बेस्ट जेडाय योद्धा होऊन परतला आणि त्याने सगळ्यांच्या लाडक्या बाळाला वाचवले, तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले म्हणे. माझ्याही आले. माफी मागण्याचा तो एक बरा मार्ग होता.

2012मध्ये लुकासने आपली कंपनी सुमारे 405 कोटी डॉलरला डिस्नेला विकली. 2015चा पहिला नवा चित्रपट म्हणजे 1977च्या चित्रपटाची सफाईदार नक्कल होती. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण जुनी माणसे दिसली. 2017च्या 'द लास्ट जेडाय'ने मात्र नायिकेला कुणा थोर घराण्याची न ठेवता सामान्य आईबापांची मुलगी केले, आणि चाहते दोन तटांत विभागले. त्या वेळी मीही नाराजांत होतो. आज वाटते, त्या तिघांत हिंमत असलेला तो एकच होता. नाराजांची मर्जी राखायला 2019मध्ये मेलेल्या बादशहाला पुन्हा उठवले गेले आणि नायिकाही त्याचीच नात निघाली. घराणेशाही परत आली. पुढच्या वर्षी एका मालिकेत जुन्या नायकाचा तरुण चेहरा संगणकाने तयार करून दाखवला. मी तो पाहिला, अंगावर काटा आला, आणि दुसऱ्या दिवशी काहीच उरले नाही. जे जे मागितले ते ते मिळत होते आणि भरवसा मात्र उडत चालला होता.

या सगळ्यात एक चित्रपट बाजूला उभा होता. 2016चा 'रोग वन'. डेथ स्टार या महाशस्त्राचे नकाशे बंडखोरांनी कसे मिळवले, त्याची गोष्ट. त्यात शेवटी सगळी प्रमुख माणसे मरतात. त्यांच्यात साम्राज्याची नोकरी सोडून आलेला एक घाबरट मालवाहू वैमानिक आहे, बोधी रूक. तो रिझ अहमद या पाकिस्तानी वंशाच्या ब्रिटिश मुस्लिम नटाने केला. थरथरत्या हातांचा, सतत बोलणारा आणि शेवटी एक वायर जोडण्यासाठी जीव देणारा. चित्रपटाला जे नाव आहे ते त्याच्याच तोंडून ऐनवेळी सुचलेले. बोधीचे शहर जेडा हे पवित्र क्षेत्र. त्याचे चित्रीकरण जॉर्डनच्या वादी रममध्ये झाले. गल्लीत रणगाडा, गच्चीवर बंडखोर, मध्ये रडणारे लहान मूल. त्या काळात रोज बातम्यांत दिसणारे दृश्य या परीकथेत पहिल्यांदा शिरले होते. या चित्रपटाची डागडुजी करायला ज्याला बोलावले गेले तो टोनी गिलरॉय. 'मायकल क्लेटन'चा दिग्दर्शक, 'बॉर्न' चित्रपटांचा पटकथाकार. 'स्टार वॉर्स'मध्ये आपल्याला कधी रस नव्हता, हे त्याने मोकळेपणाने सांगितले होते. माझ्या मते समजूत पटण्याचे रहस्य इथे आहे.

'अँडॉर' म्हणजे 'रोग वन'मधल्या कॅसियन अँडॉरची आधीची पाच वर्षे. डिएगो लुना या मेक्सिकन नटाने ही भूमिका केली आहे. 12 भागांचा पहिला हंगाम 2022च्या सप्टेंबरपासून आला, 12 भागांचा दुसरा 2025च्या एप्रिल-मेमध्ये. भाच्याने मोबाइलवर लावून दिले आणि तीन भाग झाल्यावर विचारले, "मामू, यात तलवारच नाही. ही कसली तुमची स्टार वॉर्स?" खरे होते. 24 भागांत एकही जेडाय नाही, एकही प्रकाशतलवार पेटत नाही. 'फोर्स'चा उल्लेख येतो तो एका जखमेवर हात ठेवणाऱ्या बाईच्या निमित्ताने, आणि तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे पात्रांनाही ठरवता येत नाही. ज्या वस्तूंसाठी चाहते दुकानात रांगा लावतात त्या सगळ्या गिलरॉयने बाहेर ठेवल्या.

मग आत काय आहे? फेरिक्स नावाचे भंगाराचे गाव आहे. मोडीत निघालेली जहाजे उघडून सुटे भाग काढणारे कामगार तिथे राहतात. एका भिंतीवर सगळ्यांचे हातमोजे टांगलेले असतात, ज्याचा खुंटा त्याचा. मनोऱ्यावर एक माणूस ऐरणीवर घण मारून वेळ सांगतो. माणूस मेला की त्याच्या राखेची वीट करतात आणि ती गावाच्या भिंतीत बसवतात. हे कुणी समजावून सांगत नाही, आपल्याला पाहता पाहता कळते. पहिल्या हंगामाच्या शेवटी कॅसियनची मानलेली आई मार्व्हा हिची मय्यत निघते. बंदोबस्तात, ठरवून दिलेल्या मोजक्या माणसांनिशी. पण अख्खे गाव वाजतगाजत रस्त्यावर येते. मार्व्हाने मरण्यापूर्वी नोंदवून ठेवलेले भाषण सुरू होते, आपण झोपून राहिलो हा आपला गुन्हा, असा त्याचा आशय. आणि दंगल पेटते तेव्हा तिच्या राखेची वीटच एका सैनिकाच्या डोक्यात बसते. फिओना शॉने ही म्हातारी अशी उभी केली आहे, की तिच्यापुढे डार्थ व्हेडरचा काळा मुखवटा मला खेळण्यातला वाटू लागला.

साम्राज्यही पहिल्यांदाच माणसांचे दिसते, आणि म्हणूनच अधिक भयंकर. सिरिल कार्न हा एका खासगी सुरक्षादलातला तरुण अधिकारी. गणवेशाला त्याने स्वतःच्या पैशाने खिसे आणि पायपिंग लावून घेतले आहे. दोन शिपायांच्या खुनाचे प्रकरण त्याचा साहेब मिटवायला निघालेला असतो, कारण शिपाई कुठे आणि कशासाठी गेले होते ते सांगण्यासारखे नसते. सिरिलला मात्र न्याय हवा आहे. त्याच्या हट्टातून पुढचे सारे रामायण घडते. नोकरी जाते, तो आईकडे परततो आणि तिचे टोमणे गिळत नाश्ता करतो. डेड्रा मीरो ही गुप्तचर खात्यातली हुशार, मेहनती बाई. पुरुषांच्या बैठकीत तिला कुणी बोलू देत नाही, म्हणून आपण तिच्या बाजूने होतो. मग ती छळाच्या खोलीत तितक्याच मेहनतीने काम करताना दिसते आणि आपल्याला स्वतःचीच लाज वाटते. मुखवट्याच्या राक्षसापेक्षा फाइल व्यवस्थित ठेवणारी माणसे साम्राज्य चालवतात, हे ज्याने सरकारी कचेरीत आयुष्य काढले त्याला सांगायला नको.

रचनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कॅसियन पैशासाठी अल्धानी या डोंगराळ ग्रहावरचा साम्राज्याचा खजिना लुटण्यात सामील होतो. तरुण स्टालिनच्या टोळीने 1907मध्ये तिफ्लिसला घातलेला दरोडा गिलरॉयच्या मनात होता, असे त्याने सांगितले आहे. दरोडा यशस्वी होतो. चिडलेले साम्राज्य नवा कायदा आणते आणि सगळ्या शिक्षा कितीतरी पटींनी वाढवते. काही दिवसांनी एका समुद्रकिनाऱ्यावर दुकानात निघालेला कॅसियन केवळ शिपायाला संशयास्पद वाटला म्हणून पकडला जातो. खोट्या नावाखाली. दरोड्याचे कुणाला ठाऊकही नसते. न्यायालयात दोन मिनिटेही लागत नाहीत, सहा वर्षांची शिक्षा. म्हणजे तो आपल्याच दरोड्याने जन्माला घातलेल्या कायद्यात अडकतो. तुरुंगात तो जे यंत्रभाग जोडतो ते डेथ स्टारचे असतात, हे पहिल्या हंगामाच्या अगदी शेवटी श्रेयनामावली संपल्यावर कळते. त्याच डेथ स्टारच्या झळीत तो 'रोग वन'मध्ये मरणार आहे. जुन्या चाहत्याला शेवट आधीपासून माहीत असतो. गिलरॉय त्या माहितीवर पांघरूण घालत नाही, तिचे ओझे करतो.

त्याच अल्धानीवरचा आणखी एक तपशील. तिथले मूळ लोक दर काही वर्षांनी आकाशातला एक दिव्य देखावा पाहायला डोंगरावर यात्रेने जातात. साम्राज्याला ती जागा हवी आहे. यात्रेवर बंदी घातली तर लोक चिडतील. म्हणून वाटेवर विसाव्याच्या जागा उभारल्या, दारू आणि खाणे जवळ ठेवले. दर यात्रेत थोडे थोडे यात्रेकरू वाटेतच थांबू लागले. एक अधिकारी हे कौतुकाने सांगतो. या दोन मिनिटांच्या संवादात जेवढे राजकारण आहे तेवढे आधीच्या नऊ चित्रपटांत मिळून नसेल.

दुसऱ्या हंगामाचा गाभा म्हणजे घॉरमन. हा विणकरांचा, उत्तम कापडाचा, स्वाभिमानी माणसांचा ग्रह. त्याच्या पोटातले एक खनिज साम्राज्याला महाशस्त्रासाठी हवे आहे. एका डोंगरमाथ्यावरच्या बंगल्यात बैठक होते, चहापान होते, ग्रह रिकामा कसा करायचा ते ठरते. ही बैठक लिहिताना 1942ची वान्झे परिषद डोळ्यांसमोर होती, हेही गिलरॉयने सांगितले आहे. योजना अशी, की आधी या लोकांना बातम्यांतून गर्विष्ठ, कृतघ्न ठरवायचे. मग त्यांच्यात जे थोडे बंडखोर आहेत त्यांना हळूच बळ द्यायचे, म्हणजे कारण मिळेल. काही वर्षे हे शिजते. शेवटी चौकात निःशस्त्र लोक आपले गीत गात उभे असताना साम्राज्याचाच नेमबाज साम्राज्याच्याच एका कोवळ्या पोराला टिपतो, आणि कत्तल सुरू होते. त्याच वेळी वार्ताहर शांत आवाजात घॉरमनच्या हिंसेची बातमी देत असतात. दुसऱ्या दिवशी सेनेटमध्ये मॉन मॉथमा या कत्तलीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारते आणि तिचे प्रक्षेपण बंद करायला माणसे धावतात. हा भाग लिहिणाऱ्या डॅन गिलरॉयला 2025चा लेखनाचा एमी पुरस्कार मिळाला. हे पाहताना कुणाला काय आठवावे हे मी सांगणार नाही. मला जे आठवले त्यामुळे मी भाग मध्येच थांबवून अंगणात जाऊन आलो.

आता तक्रारी. पाच हंगामांची मूळ कल्पना दोनांत बसवल्याने दुसऱ्या हंगामात दर तीन भागांनी एक वर्ष उडी मारते, आणि त्या उडीत काही माणसे खाली पडतात. सिंटा नावाच्या कणखर बंडखोर मुलीचा मृत्यू इतका घाईचा आहे, की दुःख करायलाही वेळ मिळत नाही. बिक्सवर या मालिकेने फारच अन्याय केला. पहिल्या हंगामात ती गॅरेज चालवणारी, भाव करणारी, तल्लख बाई होती. नंतर तिच्या वाट्याला छळ, भयस्वप्ने, एका अधिकाऱ्याची लालसा आणि शेवटी नायकाच्या कर्तव्याआड येऊ नये म्हणून न सांगता निघून जाणे, एवढेच आले. शेवटच्या दृश्यात ती गव्हाच्या शेतात त्याचे मूल घेऊन उभी दिसते. चित्र सुरेख आहे. पण ज्या लेखकाला सिरिलच्या आईसाठीसुद्धा स्वतंत्र स्वभाव सुचला, त्याला इथे 'थांबलेली स्त्री' याखेरीज काही सुचू नये?

दुसरी तक्रार जुनी आहे आणि ती एकट्या 'अँडॉर'वर नाही. टॅटुईनच्या वाळवंटात राहणारे टस्कन लोक, ज्यांना चित्रपटात 'वाळूची माणसे' म्हणतात, ते 1977पासून मुखवट्यात आहेत. चिंध्या गुंडाळलेले, ओरडणारे, उंटासारख्या जनावरांवरून येऊन लुटणारे. 2002च्या चित्रपटात नायक त्यांची अख्खी वस्ती कापून काढतो, बायकामुलांसकट. तो रडतो म्हणून नायिका त्याला जवळ घेते आणि पुढे लग्नही करते. मेलेल्यांचा हिशेब कुणी मागत नाही. 1986मध्ये आम्हीही टाळ्या वाजवून टस्कनांना मारत होतो, हे खरे. पुढे थोडी सुधारणा झाली. 2019च्या मालिकेत त्यांना खुणांची भाषा मिळाली, ती ट्रॉय कोत्सुर या कर्णबधिर नटाने घडवली. 2021-22च्या 'द बुक ऑफ बोबा फेट'मध्ये त्यांचे नाच, त्यांचा इतिहास, वाळवंटाखाली गेलेला त्यांचा समुद्र आला. आणि तिसऱ्याच भागात, नायकाला सूड घेता यावा म्हणून, ती सारी टोळी पुन्हा मारली गेली.

घॉरमनला मात्र चेहरे मिळाले, त्यांची स्वतंत्र भाषा रचली गेली, त्यांना गीत मिळाले, दुकाने आणि मुलीबाप मिळाले. ती माणसे फ्रेंचांसारखी दिसतात आणि फ्रेंचसारखे काही बोलतात. युरोपात नाझींशी झालेल्या लढ्याची आठवण त्यातून जागी व्हावी असा हेतू आहे, आणि तो साधतो. पण ज्या वाळवंटाने या कथेला तिचे पहिले चित्र दिले, तिथल्या माणसाला चेहरा द्यायला हिला पन्नास वर्षे पुरली नाहीत. गिलरॉयचा कॅसियन स्वतः एका उजाड केलेल्या ग्रहावरचा आदिवासी मुलगा आहे, त्याच्या बालपणातली भाषा उपशीर्षकांशिवाय ऐकवली जाते, आणि तो न समजण्याचा अनुभव आपल्याला घेऊ दिला जातो. म्हणजे दार कुठे आहे ते या लेखकाला दिसले आहे. ते पुरते उघडलेले नाही. माझा भरवसा परत आला आहे असे मी म्हणतो, तो या अटीसह.

शिवाय हे सारे डिस्नेच्या पैशाने झाले. साम्राज्याविरुद्धची गोष्ट सांगायला एवढे मोठे साम्राज्यच लागते, हा विनोद भाच्याने केला. मी त्यावर उत्तर शोधतो आहे.

कुवेतवर इराकने 1990मध्ये हल्ला केला, तेव्हा मामू एका बॅगेनिशी अम्मानमार्गे परतले. नंतर दुसऱ्या देशात, दुसऱ्या कंपनीत आणखी अठरा वर्षे राहिले. आता गावीच असतात. गेल्या ईदला मी त्यांना 'अँडॉर'चे तुरुंगातले तीन भाग दाखवले. नार्कीना 5 नावाचा हा तुरुंग म्हणजे एक पांढरा स्वच्छ कारखाना आहे. कैदी अनवाणी असतात, कारण पायाखालची फरशी धातूची आहे आणि बटण दाबले की तिच्यात वीज सोडता येते. एका मेजावर सात माणसे, एका खोलीत सात मेजे. प्रत्येक पाळीला सर्वांत कमी काम करणाऱ्या मेजाला झटका, सर्वांत जास्त काम करणाऱ्याच्या जेवणाला चव. किनो लॉय हा कैद्यांतलाच मुकादम उरलेले दिवस मोजत सगळ्यांना हाकत असतो. अँडी सर्किसने तो केला आहे, आणि त्याचा चेहरा बदलत जाणे हाच या तीन भागांचा विषय आहे. एक दिवस कळते, की मुदत संपून सुटलेला माणूस दुसऱ्या मजल्यावर पुन्हा कामाला लावलेला सापडला. कुणाला सोडतच नाहीत.

मामूंना आता कमी दिसते. ते टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसले होते. त्या कॅम्पांमध्ये मालकाच्या ताब्यातून सुटून दुसरीकडे जायला जो कागद लागतो त्याला 'रिलीज' म्हणतात. पासपोर्ट मालकाकडे असतो, आणि रिलीजसाठी मामूंनी एकदा चौदा महिने वाट पाहिली होती. त्याबद्दल ते घरात कधी बोलले नव्हते.

किनो लॉयला ती बातमी कळते तिथे मी त्यांना मराठीत समजावू लागलो, की याला सोडले असे सांगितले आणि दुसऱ्या मजल्यावर...

"समजले," मामू म्हणाले. "रिलीज दिला, पण त्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीत."

मग त्यांनी मला गप्प बसायला सांगितले आणि आवाज वाढवायला लावला.